हात लुळा पडतोय, पण बधिर नाही: मोटर नसांच्या एका दुर्मिळ आजाराचं निदान (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

माझा धाकटा भाऊ हर्णै बंदरात मासळीच्या धंद्यात आहे. त्याच्या उजव्या हाताला नेमकं काय झालंय, हे कळायला आम्हाला सव्वादोन वर्षं लागली. शेवटी नाव निघालं मल्टिफोकल मोटर न्यूरोपॅथी. डॉक्टर त्याला एमएमएन म्हणतात. तेव्हापासून दापोली, गुहागर, राजापूर, मालवण असं सगळीकडून लोक मला रिपोर्टचे फोटो आणि प्रश्न पाठवतात. तेच तेच प्रश्न परत येतात, म्हणून ते इथे एकत्र लिहिले आहेत. मी शाळेत शिकवते, डॉक्टर नाही. निदान न्यूरोलॉजिस्टच करणार. पण योग्य तपासणीपर्यंत पोचण्याची धडपड बहुतेक वेळा घरच्यांनाच करावी लागते, आणि त्यासाठीच हे लिहिते आहे.

१. एमएमएन म्हणजे शरीरात नेमकं होतं काय?

आपल्या नसांमध्ये दोन प्रकारचे धागे असतात. काही स्पर्श, वेदना, थंड-गरम यांची खबर मेंदूकडे नेतात, तर काही मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत पोचवतात. या दुसऱ्यांना मोटर धागे म्हणतात. एमएमएनमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती या मोटर धाग्यांवर ठिकठिकाणी हल्ला करते आणि तिथे हुकूम अडतो. त्या अडण्याला ‘कंडक्शन ब्लॉक’ म्हणतात.

आईला मी सुपारीच्या बागेवरून समजावलं होतं. विहिरीत पाणी आहे, झाड जिवंत आहे, पण मधल्या पाटात एका जागी माती बसली आहे. माती लवकर काढली तर झाड परत तरारतं. फार दिवस तशीच राहिली तर झाडच वाळायला लागतं. हातावरचं मांस झडणं म्हणजे हे वाळणं. निदानाची घाई करायची ती याचसाठी.

२. सुरुवात कशी होते? आम्ही कधी सावध व्हायचं?

बहुतेकांना आधी एका हातात, बोटांकडे किंवा मनगटाकडे कमजोरी जाणवते. शर्टाचं बटण लागत नाही, कुलपात किल्ली फिरत नाही, मनगट खाली लोंबतं. काहींना पायापासून सुरुवात होते आणि चालताना चप्पल पायातून सुटते. दुखत नाही, बधिरही होत नाही. पेटके येतात, कधी कधी कातडीखाली मांस फडफडताना दिसतं. महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं हळूहळू वाढतं. आधी एक नस, मग दुसरी.

माझ्या भावाचं आधी बर्फात लक्षात आलं. पहाटे पापलेट, सुरमई थर्माकोलच्या पेटीत लावताना पाच-दहा मिनिटं हात बर्फात राहिला की मधलं बोट आणि अनामिका खाली पडायची. तर्जनी सरळ, करंगळी सरळ, मधली दोन लोंबलेली. चहाचा गरम ग्लास हातात धरला की थोड्या वेळाने परत उठायची. आम्हाला वाटलं, गारठ्याने आखडतात. थंडीत कमजोरी वाढणं हे या आजाराचं ओळखीचं लक्षण आहे, हे आम्हाला खूप उशिरा कळलं. आपल्याकडे हिवाळा तो केवढा, त्यामुळे कोणी तसा प्रश्नच विचारत नाही. पण मासळी बाजारात, बोटीवर, आइस फॅक्टरीत काम करणाऱ्यांनी हे डॉक्टरांना आपणहून सांगावं. तसंच, एकाच हातातली काही बोटं पडतात आणि शेजारची चांगली राहतात, हेही सांगावं. मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. ओपीडीत पोचेपर्यंत हात ऊब घेऊन सुधारलेला असतो.

३. हा आजार किती जणांना होतो?

लाखात एकापेक्षाही कमी. पुरुषांत बायकांच्या जवळजवळ तिप्पट. बहुतेकांना २० ते ५० या वयात सुरू होतो. वेगळा आजार म्हणून त्याची ओळखच १९८० च्या दशकात पटली, त्यामुळे गावातल्या अनुभवी डॉक्टरांनीही एकही रुग्ण पाहिलेला नसणं स्वाभाविक आहे. त्यांच्यावर राग धरू नका. पुढे पाठवायला सांगा.

४. घरात दुसऱ्याला होईल का? मुलांना येईल का?

नाही. संसर्गाने पसरत नाही आणि वंशपरंपरेने येत नाही. एका ताटात जेवा. लग्नाच्या बोलणीत हे लपवण्यासारखंही काही नाही.

५. आम्हाला ‘मानेची नस दबली आहे’ असं सांगितलंय आणि एमआरआयमध्येही तसं आलंय. मग पुढे कशाला जायचं?

मला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाच्या मानेचा एमआरआय काढला की एखादी चकती थोडी सरकलेली बहुधा दिसतेच. ज्यांना काहीही त्रास नाही त्यांच्यातही दिसते. मुद्दा असा की, एमआरआयमध्ये दिसलेली नस आणि हातातली कमजोरी यांचा मेळ बसतो का? मानेतली नस दबली तर बहुधा मानेतून हातात कळ जाते, मुंग्या येतात, ठरावीक पट्ट्यात बधिरपणा असतो. यातलं काहीच नसेल आणि तरी ताकद जात असेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा: ‘सर, या चकतीमुळे हीच बोटं पडतात का?’

भावाने एक वर्ष पट्टा लावला, ट्रॅक्शन घेतलं. मानेला आराम पडला. हात उतरतच गेला. मानेच्या ऑपरेशनचा सल्ला मिळाला असेल तर त्याआधी एनसीव्ही-ईएमजी, म्हणजे नसांची आणि स्नायूंची विजेची तपासणी, नक्की करून घ्या (प्रश्न ७).

६. डॉक्टरांनी एमएनडी सांगितलंय. ते एमएमएन असू शकतं का?

एमएनडी म्हणजे मोटर न्यूरॉन डिसीज. त्यात मेंदूतल्या आणि मणक्यातल्या मोटर पेशीच मरत जातात, आणि आज तरी तो बरा करणारं औषध नाही. एमएमएनमध्ये पेशी जिवंत असतात, वाट अडलेली असते, आणि उपचाराने ताकद परत येऊ शकते. सुरुवातीला दोन्ही सारखे दिसतात: एका हातात कमजोरी, मांस फडफडणं, बधिरपणा नाही. म्हणून गल्लत होते.

आमच्या बाबतीत झाली. एका मोठ्या दवाखान्यात दहा मिनिटं तपासून भावाला एमएनडी सांगितलं आणि घरच्यांना बाजूला घेऊन ‘तीन वर्षं धरून चला’ म्हणाले. परतीच्या एसटीत तो माझ्या शेजारी खिडकीशी बसला होता. महाडपर्यंत एक शब्द बोलला नाही. मग म्हणाला, ‘ताई, होडीचं कर्ज कोणाच्या नावावर करायचं?’ हे मी इथे लिहिते कारण त्या दिवशी त्याची एनसीव्ही तपासणी पूर्ण झालेलीच नव्हती.

डॉक्टर फरक बघतात तो साधारण असा. एमएनडीत कमजोरीबरोबर हातापायांत ताठरपणा येतो, गुडघ्यावर हातोडी मारली की पाय जोरात उडतो, बोलणं जड होतं, गिळताना ठसका लागतो, जीभ बारीक होऊन थरथरते. काही महिन्यांतच आजार शेजारच्या भागात सरकतो. एमएमएनमध्ये कमजोरी एकेका नसेच्या हद्दीत राहते, लागलेल्या हातातले हातोडीने येणारे झटके (रिफ्लेक्स) बहुधा कमी होतात, बोलणं-गिळणं सहसा चांगलं राहतं. एक खूण आमच्या न्यूरोलॉजिस्ट मॅडमनी दाखवली ती अशी, की सुरुवातीच्या काळात हात खूप कमजोर असतो पण मांस त्या मानाने भरलेलं असतं.

पण एक गोष्ट मनावर दगड ठेवून लिहिते. एमएनडी सांगितलेल्या बहुतेकांना खरोखर एमएनडीच असतो. बोलणं अडखळतंय, गिळता येत नाही, दोन्ही पाय ताठ झालेत, अशा रुग्णाच्या घरच्यांनी एमएमएनच्या आशेवर शहर-शहर फिरू नये. तो वेळ रुग्णाजवळ घालवा. मात्र फक्त हातातली, बिनदुखणी, हळू वाढणारी कमजोरी असेल आणि पूर्ण एनसीव्ही झाली नसेल, तर ती होईपर्यंत एमएनडी हे नाव पक्कं मानू नका.

७. एनसीव्ही-ईएमजी म्हणजे काय? ती ‘नॉर्मल’ आली, तरी परत करायची का?

एनसीव्हीत नसेवर वेगवेगळ्या जागी विजेचा छोटा झटका देतात आणि स्नायूपर्यंत किती हुकूम पोचला ते मोजतात. ईएमजीत स्नायूत बारीक सुई घालून त्यातली विजेची हालचाल बघतात. झटके चिमटा बसल्यासारखे लागतात. सहन होतात.

खरी मेख झटका कुठे कुठे दिला यात आहे. नेहमीच्या तपासणीत मनगट आणि कोपर एवढंच बघतात. डॉक्टरांना मधुमेहाची नस किंवा मनगटातली दबलेली नस शोधायची असेल तर तेवढं पुरतं. एमएमएनचा अडथळा मात्र बऱ्याचदा कोपराच्या वर असतो. म्हणून मनगट, कोपर, काख आणि मानेच्या बाजूला गळपट्टीच्या हाडामागे, अशा चारही जागी झटका द्यावा लागतो. भावाची पहिली तपासणी कोपरावरच थांबली होती. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहून आलं, आणि त्या एका शब्दाने आमचं एक वर्ष खाल्लं.

जाताना डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या की एमएमएनचा संशय आहे आणि काखेपर्यंत व त्याच्या वर मोटर नसा तपासाव्यात. दोन्ही हात तपासून घ्या, चांगला वाटणाराही, कारण लक्षण नसलेल्या नसेतही ब्लॉक सापडतो. त्या दिवशी हातापायांना तेल किंवा क्रीम लावू नका. हात गार असेल तर आकडे बदलतात, म्हणून एसी खोलीत बराच वेळ बसावं लागलं तर हात झाकून ऊबदार ठेवा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल किंवा पेसमेकर असेल तर आधी सांगा.

८. एनसीव्हीचा कागद हातात आहे. त्यात काय बघायचं?

निष्कर्षाची ओळ वाचून थांबू नका, तक्ता बघा. ‘मोटर’ खाली प्रत्येक नसेपुढे जागा आणि तिथला आकडा मिलिव्होल्टमध्ये असतो. समजा मधल्या नसेचा, म्हणजे मीडियनचा, आकडा मनगटाशी ९.२, कोपराशी ८.८ आणि काखेशी ३.५ आहे. मनगट ते कोपर ठीक. कोपर ते काख यांच्यामध्ये मात्र ६० टक्के गायब. म्हणजे दंडात कुठेतरी वाट अडली आहे. डॉक्टर स्नायूत उमटलेल्या लहरीची नुसती उंची, म्हणजे हा आकडा, बघत नाहीत, तिचं क्षेत्रफळ मोजतात: ते ५० टक्के किंवा त्याहून जास्त घटलं तर ब्लॉक नक्की, ३० टक्क्यांच्या वर असेल तर संभाव्य. त्याच भागातले ‘सेन्सरी’ आकडे मात्र चांगले असायला हवेत. हुकूम अडलाय पण खबर सुरळीत चालली आहे, ही जोडी एमएमएनकडे बोट दाखवते.

दोन ठिकाणी फसगत होते. नसा नेहमी जिथे दबतात तिथला ब्लॉक (मनगटाचा बोगदा, कोपराची मागची बाजू, गुडघ्याची बाहेरची बाजू) एमएमएनसाठी धरत नाहीत. आणि मानेजवळचा झटका जाड खांद्यामुळे पुरेसा आत पोचला नाही, तर खोटाच ब्लॉक दिसतो. म्हणून कागद वाचा, पण अर्थ न्यूरोलॉजिस्टकडूनच लावून घ्या.

९. जीएम१ ची रक्ततपासणी निगेटिव्ह आली. म्हणजे हा आजार नाही?

तसं नाही. जीएम१ या पदार्थाविरुद्धच्या आयजीएम प्रकारच्या अँटिबॉडी एमएमएनच्या साधारण निम्म्या रुग्णांतच सापडतात. हे नातं १९८८ मध्ये पहिल्यांदा दाखवलं गेलं. भरपूर पॉझिटिव्ह आली तर निदानाला बळ मिळतं. निगेटिव्ह आली तर काहीच ठरत नाही. किंचित पॉझिटिव्ह दुसऱ्या आजारांतही येते. खिशात पैसे मोजकेच असतील तर आधी चांगली एनसीव्ही करा, ही तपासणी नंतर.

१०. अजून कोणत्या तपासण्या सांगतील?

साखर, थायरॉइड, बी१२, सीपीके (स्नायूंतलं एक एन्झाइम), प्रथिनांची तपासणी. सीपीके थोडा वाढलेला असू शकतो. खांद्याकडच्या नसांच्या जुडग्याचा एमआरआय किंवा नसांची सोनोग्राफी केली तर जाड झालेली नस दिसू शकते. सोनोग्राफी स्वस्त आहे, पण नसांची सोनोग्राफी करणारा हात सरावाचा लागतो. पाठीतलं पाणी काढायची गरज प्रत्येकालाच पडत नाही.

११. कोकणातून जायचं कुठे?

आधी जिल्हा रुग्णालयातून किंवा आपल्या फिजिशियनकडून न्यूरोलॉजिस्टच्या नावे चिठ्ठी घ्या. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे या सार्वजनिक रुग्णालयांत न्यूरोलॉजी विभाग आहेत. दक्षिण रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्यांना कोल्हापूर किंवा गोव्यात बांबोळीचं सरकारी रुग्णालय जवळ पडतं. बांबोळीला गोव्याबाहेरच्यांचे नियम वेगळे आहेत, ते आधी फोनवर विचारा. ओपीडीचे वार ठरलेले असतात. रात्रीच्या गाडीने जाऊन सकाळी ‘आज न्यूरोलॉजी नाही’ ऐकण्यासारखी दुसरी दमछाक नाही. एक फाइल करा: जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे, वरती एका पानावर कधी काय सुरू झालं ते. भावाचं ते एक पान वाचूनच मॅडमनी पहिला प्रश्न बर्फाचा विचारला.

१२. बोटं वाकडी झाली म्हणून गावात कुष्ठरोग म्हणतात. कसं ओळखायचं?

कुष्ठरोगातही हाताची बोटं वळतात, पाऊल पडतं. पण त्यात बधिरपणा जवळजवळ नेहमी असतो: चट्ट्यावर स्पर्श कळत नाही, गरम भांड्याचा चटका कळत नाही, कोपरामागची नस दोरीसारखी जाड लागते. एमएमएनमध्ये चटका नीट कळतो. शंका असेल तर सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. कुष्ठरोगाचं औषध तिथे मोफत मिळतं आणि लवकर घेतलं तर रोग पूर्ण बरा होतो. लाजेने घरात बसणं दोन्ही आजारांत घातक.

१३. आमचे वडील जाळ्यासाठी घरी शिसं ओततात. त्याचा काही संबंध?

एमएमएनशी नाही. पण शिशाच्या विषबाधेने मनगट पडतं, तेही बधिरपणाशिवाय, म्हणून हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. पागाला लावायच्या गोळ्या बंद पडवीत, चुलीवर शिसं वितळवून ओतत असतील, पोटात कळा येत असतील, रक्त कमी झालं असेल, तर रक्तातलं शिसं तपासून घ्या. आंबा-काजूच्या फवारणीचाही प्रश्न येतो. काही ऑर्गेनोफॉस्फेट औषधांची विषबाधा झाल्यावर एक ते तीन आठवड्यांनी दोन्ही पाय कमजोर होतात. ते चित्र वेगळं आहे: दोन्ही बाजूंना सारखं, आणि तारीख सांगता येते.

१४. मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. एक हात बारीक होतोय, थंडीत बोटं चालत नाहीत. एमएमएन का?

या वयात आधी हिरायामा आजार तपासावा. जपानी डॉक्टर हिरायामा यांनी १९५९ मध्ये तो मांडला, आणि भारतातही त्याचे बरेच रुग्ण सापडतात. बहुतेक पंधरा ते पंचविशीतले मुलगे. हाताचा पंजा आणि पुढचा हात झडतो, पण अंगठ्याच्या बाजूचा कोपराजवळचा स्नायू राखला जातो, त्यामुळे झडलेला भाग तिरका दिसतो. थंडीत बोटं अडतात, बधिरपणा नसतो. म्हणून गोंधळ.

कारण मात्र अगदी वेगळं. मान खाली वाकवली की मणक्यातलं आवरण पुढे सरकून मज्जारज्जू चेपतो. साध्या एमआरआयमध्ये ते सुटून जातं. मान वाकवून एमआरआय काढायला सांगा. तसं चिठ्ठीवर लिहिलेलं नसेल तर तंत्रज्ञ सरळच काढतील. उपचारात मानेचा पट्टा देतात, मान वाकवून मोबाइल बघणं बंद. काही वर्षांत आजार बहुधा आपोआप थांबतो, पण तोवर झडलेलं मांस सहसा परत येत नाही. म्हणून इथेही उशीर नको.

१५. जवळच्या डॉक्टरांनी स्टेरॉइड सुरू केलंय. चालेल ना?

सीआयडीपी नावाच्या जवळच्या आजारात स्टेरॉइडने चांगला फरक पडतो, त्यामुळे ते दिलं जातं. एमएमएनमध्ये त्याने फायदा होत नाही, उलट काहींची कमजोरी वाढते. प्लाझ्मा बदलण्याचंही तसंच. म्हणून नाव नीट ठरवणं ही कागदावरची बाब नाही, औषधच बदलतं. मात्र चालू स्टेरॉइड आपल्या मनाने एकदम बंद करू नका. त्याने जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांना सांगून हळूहळू उतरवा.

१६. मग उपचार काय?

आयव्हीआयजी. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेल्या अँटिबॉडी शिरेतून हळूहळू देतात. पहिला डोस वजनाच्या किलोमागे २ ग्रॅम, दोन ते पाच दिवसांत वाटून. साठ किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या चोवीस बाटल्या. फरक पडणार असेल तर बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच कळतो. हे कायमचं बरं करणारं औषध नाही. परिणाम ओसरतो, म्हणून काही आठवड्यांनी परत घ्यावं लागतं, आणि हे अंतर प्रत्येकाचं वेगळं. आधी किडनीची तपासणी होते. डोकेदुखी, ताप, पुरळ येऊ शकतं. क्वचित रक्ताची गुठळी. चार दिवस घाईने उरकायला सांगू नका, ठिबक हळूच चालू द्या.

१७. एवढा पैसा आणायचा कुठून?

पहिला कोर्सच लाखांत जातो. एक सरळ सल्ला: जमीन गहाण टाकण्याआधी रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवा विभागात जा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. त्यासाठी रेशन कार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो गावातूनच काढून न्या. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही करता येतो. हात कायमचा कमजोर राहिला असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली दाखला मिळतो. बहुतेक सवलतींना ४० टक्के अपंगत्वाची अट असते.

१८. औषध मुंबईहून आणून गावातल्या दवाखान्यात घेता येईल का?

पहिला कोर्स मोठ्या रुग्णालयातच घ्या. पुढचे, डॉक्टर हो म्हणाले तर, तालुक्याला घेता येतात. बहुतेक बाटल्या २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात, काही कंपन्यांच्या २५ अंशांपर्यंत चालतात. पक्कं ते खोक्यावर छापलेलं.

भावाने पहिल्यांदा काय केलं? मासळीची थर्माकोलची पेटी घेतली, खाली बर्फाचा चुरा, त्यात बाटल्या गळ्यापर्यंत खोचल्या, वर आणखी बर्फ. त्याच्या हाताला तेच वळण. सुदैवाने खेडला उतरेपर्यंत मी फोनवर होते. आयव्हीआयजी गोठलं की वाया जातं. बर्फ बाटलीला लागता कामा नये. मध्ये पुठ्ठा आणि जाड टॉवेल, आणि पेटीत एक साधा थर्मामीटर. घरी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रिजरमध्ये नाही आणि मागच्या भिंतीला टेकवूनही नाही. पावसाळ्यात आपल्याकडे दोन-दोन दिवस वीज जाते, तेव्हा बाटल्या घरी साठवू नका. डोसच्या आदल्या दिवशी आणा.

१९. तेलाने मालिश, पोटल्या, देवाला गाऱ्हाणं?

गाऱ्हाणं घाला. आम्हीही घातलं. त्याने मनाला धीर येतो, तपासणीची तारीख मात्र पुढे ढकलू नका. मालिशने नसेतला ब्लॉक सुटत नाही. सांधे मोकळे राहायला हलका व्यायाम आणि फिजिओथेरपी हवी, आणि मनगट पडत असेल तर स्प्लिंट. हात बधिर असेल (प्रश्न १२) तर गरम पोटली अजिबात लावू नका, भाजलेलं कळणार नाही.

२०. लक्षणं सगळी जुळतात, पण ब्लॉक कुठेच सापडत नाही. आता?

असं होतं. ब्लॉक मानेच्या अगदी जवळ असेल, जिथे झटका पोचत नाही, किंवा न तपासलेल्या तुकड्यात असेल. काही महिन्यांनी तपासणी परत करतात, सोबत नसांची सोनोग्राफी, एमआरआय, जीएम१ यांची साक्ष काढतात. तरीही ठरलं नाही आणि बोलणं, गिळणं, ताठरपणा यांचं काही चिन्ह नसेल, तर न्यूरोलॉजिस्ट एकदा आयव्हीआयजी देऊन बघतात. ताकद परत आली तर तोही निदानाचा पुरावा धरतात. एवढा खर्च करण्याआधी दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टचं मत घेणं गैर नाही.

२१. मला थोड्या मुंग्या येतात. म्हणजे एमएमएन नाही?

किंचित मुंग्यांनी निदान बाद होत नाही. पण तपासताना स्पर्श खरोखर कमी निघाला किंवा सेन्सरी आकडे बिघडलेले आले, तर लुईस-समनर या सीआयडीपीच्या प्रकाराचा विचार करतात. त्यात स्टेरॉइड चालू शकतं, म्हणून फरक महत्त्वाचा (प्रश्न १५). तसंच हातोडी मारल्यावर झटके जोरात येणारे काही एमएमएनचे रुग्णही असतात. एका चिन्हावरून घरी बसून निकाल लावू नका.

२२. मधुमेह जुना आहे, त्यामुळे सगळं त्याच्याच माथी मारतात.

मधुमेहाची नेहमीची न्यूरोपॅथी दोन्ही तळपायांपासून सुरू होते: जळजळ, मुंग्या, बधिरपणा. एका हाताची दोनच बोटं बिनदुखणी पडत असतील तर ते तिच्यात बसत नाही. माणसाला दोन आजार एकाच वेळी असू शकतात. डॉक्टरांना एवढंच म्हणा: ‘साखर आहे हे मान्य, पण हा हात वेगळा वागतोय.’

२३. आयव्हीआयजी घेतलं, फरक नाही. निदान चुकलं का?

कधी चुकलेलंही असतं, तेव्हा फाइल परत पहिल्यापासून उघडावी लागते. कधी निदान बरोबर असतं, पण उशीर झाल्याने धागेच मेलेले असतात. आणि कधी फरक पडलेला असतो, मोजलेला नसतो. पहिल्या बाटलीच्या आदल्या दिवशीच मोजमाप करून ठेवा. रुग्णालयात पंजाची ताकद मोजायचं यंत्र असतं, त्याचा आकडा लिहून घ्या. घरी रोजच्या दोन कामांचा वेळ लावा, आणि पुढे दर आठवड्याला त्याच वेळी, हात ऊबदार असताना, तीच कामं परत करा.

भावाची दोन कामं होती: शर्टाची पाच बटणं लावणं आणि जाळ्याच्या सुईत दोरा भरणं. आदल्या दिवशी बटणांना चार मिनिटं लागली, सुई भरलीच नाही. अठराव्या दिवशी बटणं दीड मिनिटात झाली. सुई त्याने रात्री जेवणानंतर भरली आणि न बोलता माझ्यासमोर ठेवली. पाचव्या आठवड्यात बटणं परत तीन मिनिटांवर गेली, आणि त्याच वहीवरून मॅडमनी पुढच्या डोसचं अंतर चार आठवडे ठरवलं.